सेंगलाचे गळके बांध

हुआय मिआंग गावात कुणाचं छप्पर गळू लागलं किंवा बादलीला भोक पडलं, की शेजारी हमखास म्हणतात, "फेकू नकोस, आधी सेंगलाला दाखव. तिला आवडेल." हे तिच्या कानावर गेलं तरी सेंगला चिडत नाही. आंबवलेल्या चहापानांचा विडा या गालातून त्या गालात सारते आणि म्हणते, "हसा. गळतंय म्हणून तर जेवताय."

सेंगला अठ्ठावन्न वर्षांची. ठेंगणी, लुंगी घोट्याच्या वर खोचलेली आणि आवाज असा, की ओढ्याच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडच्या म्हशी माना वर करतात. गेली नऊ वर्षं ती गावाची पाटकरीण आहे. ओढ्याचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ जायचं, पाट कधी साफ करायचे, बांधासाठी कुणाच्या घरून किती बांबूचे खुंट यायचे, हे सगळं तीच ठरवते. तिच्या आधी या जागेवर बाई कधी बसली नव्हती. तिचीही निवड झाली ती थट्टेथट्टेत. म्हातारे पाटकरी गुडघ्यांपायी मोकळे झाले आणि भांडणं अंगावर घ्यायला एकही पुरुष तयार होईना. तेव्हा देवळाच्या ओसरीवर कुणीतरी मागून बोललं, "सेंगलाला करा ना, तिला भांडायची सवय आहे." सगळे हसले, आणि हसता हसता हात वर झाले.

मग प्रश्न आला राखणदाराचा. दरवर्षी लावणीआधी बांधाच्या राखणदाराला कोंबडी आणि तांदळाची दारू दाखवतात, आणि कोंबडीच्या हाडावरून त्याची मर्जी बघतात. राखणदाराला बाई चालेल का? हाड बघणारे आजोबा बराच वेळ हाड उलटंसुलटं करत राहिले. शेवटी सेंगलाचा नवरा वैतागला. हा लहानपणी देवळात राहून धडे गिरवून आलेला, अशांना इकडे नोय म्हणतात, म्हणून गाव त्याला नोय मून म्हणतं. तो म्हणाला, "आजोबा, मी तीस वर्षं चालवून घेतोय. त्याला तर वर्षातून एकदाच भेटायचंय." हाडाचा कौल चांगला निघाला.

पण गळक्या बांधांची गोष्ट त्याच्याही आधीची.

सेंगला लग्न होऊन या गावात आली तेव्हा डोंगर बोडका होता. झाडं ठेकेदारांनी नेली होती, उरलेल्या उतारावर मका होता, आणि ओढा जानेवारीतच आटायचा. त्या वर्षी देशाच्या राजाने चालवलेल्या राजप्रकल्पाची माणसं आली. थोरल्या महाराजांची इच्छा आहे, म्हणाली, की डोंगरावरचं पाणी डोंगरातच मुरावं. त्यांनी काळ्या पिशव्यांतून वाळ्याची रोपं आणली. आपला साधा वाळा, पण त्याची मुळं पुरुषभर खोल जातात आणि माती मुठीत धरावी तशी धरून ठेवतात. उतारावर आडव्या रांगांनी वाळा लावायचा आणि ओढ्यात जागोजागी दगड-बांबूचे छोटे बांध घालायचे, असं ते शिकवून गेले.

गावाने ते काम देवाचं काम म्हणून केलं, आणि चूक झाली ती तिथेच. महाराजांच्या बांधातून पाणी गळणं बरं दिसतं का, असं म्हणत लोकांनी देवळाच्या भिंतीसाठी आणलेलं सिमेंट ओतलं आणि फटी लिंपल्या. बांध भिंतीसारखे गुळगुळीत झाले, लोक त्यांच्यापुढे उभे राहून हात जोडायचे. पहिल्या मोठ्या पावसात वरचा बांध फुटला, त्याचं पाणी खालच्यावर आलं, तो फुटला, आणि मग एकामागून एक सगळे गेले. जाताना दोन साकव आणि डुकरांचा एक गोठा घेऊन गेले.

एकच बांध राहिला. तो सेंगलाने आणि तिच्या सासूने घातला होता. त्यांच्या वाट्याला सिमेंट आलं नव्हतं, आणि सासूची कंबर धरल्यामुळे दगडही ढिले रचलेले होते. हात घालावा एवढ्या फटी. प्रकल्पाचे साहेब आले आणि त्या बांधापुढे अर्धा तास उकिडवे बसले. पूर आला, फटींतून निघून गेला. माती आणि पानं मागे अडकली. आता त्या ओल्या गाळातून पाणी थेंबाथेंबाने खाली झिरपत होतं. साहेब उठले आणि म्हणाले, "सगळे असेच घाला." सासू तोंडावर हात ठेवून हसली. "आमच्या आळसाला इतका मान कधी मिळाला नव्हता," ती म्हणाली.

आता ओढ्यावर त्रेचाळीस बांध आहेत, सगळे गळके. डोंगरावर पुन्हा साग आणि बांबू आहे, आणि ओढा आता मार्चअखेरपर्यंत वाहतो. दरवर्षी तो थोडा थोडा पुढे जातो. सेंगला पाटकरीण झाली तेव्हा पाणी उन्हाळ्यात निम्म्या शेतांपर्यंतच पोचायचं. गेल्या वर्षी ते पहिल्यांदा शेवटच्या शेताला लागलं. ते शेत ऊय पिम्पाचं. आजीला इकडे ऊय म्हणतात, आणि एक्क्याऐंशी वर्षांची पिम्पा साऱ्या गावाचीच ऊय आहे. ओढ्याच्या शेपटाकडच्या चौदा घरांत सर्वांत तिखट जीभ तिचीच.

याच चौदा घरांसाठी यंदा राजप्रकल्पाकडून तळं मिळायचं होतं. माकड मिळालेली केळी गपागप गालात कोंबतं आणि मग निवांत खातं. तसं पावसाळ्यात पाणी कोंबून घ्यायचं आणि उन्हाळ्यात पुरवून वापरायचं, म्हणून अशा तळ्याला माकडगाल म्हणतात. अट एकच होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तपासणीला येणाऱ्या बाईंना शेवटच्या शेताशी ओढा वाहता दिसला पाहिजे. नाही दिसला तर यादीतल्या पुढच्या गावाचा नंबर, आणि आपली पाळी पुन्हा यायला पाच-सहा वर्षं.

"पाच वर्षांनी मला तळं काय करायचंय?" पिम्पा म्हणाली होती. "तेव्हा मला लाकडं लागतील."

"तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून जाल, ऊय," सेंगला म्हणाली. "पाणी येईल. माझा शब्द."

तपासणीच्या तीन दिवस आधी सेंगलाला तालुक्याच्या दवाखान्यात जावं लागलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायची तारीख सहा महिन्यांपूर्वीच मिळाली होती, ती सोडणं शक्य नव्हतं. जाताना ती गावाच्या मुखियाला सांगून गेली, "इन्सॉन, ओढ्याला हात लावू नका. आहे तसं राहू दे."

मुखियाला सारे पो लुआंग म्हणतात, पण सेंगला त्याला नावाने हाक मारते, कारण त्याला चड्डी घालायला तिनेच शिकवलं. इन्सॉन मनाने सोन्यासारखा माणूस. त्याच्या घरात महाराजांच्या तसबिरीपुढे रोज ताजी फुलं असतात. सेंगलाची गाडी वळणाआड गेली आणि तो ओढ्यावर एक चक्कर मारून आला. बांधांमागे कुजकी पानं, काळा गाळ, फेस. वाळा वाढून वेडावाकडा झुकलेला. इन्सॉनचं मन खाऊ लागलं. राजाकडून पाहुणे येणार आणि त्यांना आपण हा उकिरडा दाखवणार? घरी जावई येणार म्हटलं तरी आपण अंगण झाडतो.

त्याने गाव गोळा केला. लोक तर एका पायावर तयार होते.

तपासणीच्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीने सेंगला परतली. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. आठवडाभर वाकायचं नाही आणि ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलेलं. सात वाजता ती पुलावर उतरली आणि एका डोळ्याने खाली बघितलं. ओढ्याचं पात्र कोरडं ठाक होतं.

नोय मून मोटारसायकल घेऊन न्यायला आला होता. त्याने निळा नवा सदरा घातला होता आणि तो बायकोकडे बघत नव्हता.

"पाणी कुठाय?"

"आहे की. वर आहे."

"वर कुठे?"

"अगं, तू आधी चहा घे."

वर जे होतं ते खरोखर देखणं होतं. रस्त्याकडेच्या, सगळ्यांत खालच्या अकरा बांधांमागचा सगळा गाळ उपसून काढला होता, दगड धुऊन चुना लावला होता, वाळा केस कापावेत तसा सारखा कापला होता. प्रत्येक बांधाला आतून जाड प्लास्टिक लावलं होतं आणि त्यामागे निळंशार, थेंबभरही न गळणारं पाणी तुंबून राहिलं होतं. वाटेवर बांबूची कमान होती, तिला झेंडूच्या माळा. कमानीखाली इन्सॉन निळ्या सदऱ्यात उभा होता, चेहऱ्यावर एवढा आनंद की सेंगलाला ओरडायलाही सुचेना.

"बघा अक्का," तो म्हणाला. "महाराजांना शोभेल असं केलं की नाही?"

"इन्सॉन," ती हळू आवाजात म्हणाली. ती हळू बोलली की गाव घाबरतं. "शेवटच्या शेताला पाणी कधी गेलं?"

इन्सॉनने खाली पुलाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांपुढून ओढा वरून खालपर्यंत वाहत गेला असावा, कारण त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. "परवापासून... नाही. पण भरून वाहील ना अक्का? डबकी भरली की वरून..."

"वाहील. अजून दोन दिवसांनी. बाई किती वाजता येणार?"

"दहाला."

"आणि बघणार काय? डबकी की शेपूट?"

इन्सॉन खाली बसला. जागच्या जागी, नव्या पँटसकट, चुना लावलेल्या दगडावर.

सेंगलाने मनात हिशेब मांडला. शेवटच्या बांधापासून पिम्पाच्या शेतापर्यंत अडीच किलोमीटर. दोन दिवस तापलेली वाळू. थोडं थोडं पाणी सोडलं तर वाळू सगळं पिऊन टाकेल आणि पुढे काहीच जाणार नाही. एकदम सोडलं तर अकरा बांधांचं पाणी एकत्र येऊन बांधच घेऊन जाईल. हे तिने एकदा पाहिलं होतं, पुन्हा पाहायचं नव्हतं.

"उठ. माणसं बोलाव. विळे आणा."

"वरच्यापासून सुरू करतो," इन्सॉन धावत म्हणाला.

"वरच्यापासून केलंस तर डुकरं घरात बांधून ठेव आधी! खालून वर! खालचा रिकामा झाला की मग त्याच्या वरचा. आणि प्लास्टिक ओढून काढायचं नाही, तळाशी चिरा मारायच्या. हातभर."

मग जे झालं ते गाव अजून हसत हसत सांगतं. वीस माणसं, सगळी स्वागताच्या कपड्यांत, कंबरभर पाण्यात उतरून बुडालेलं प्लास्टिक चिरत होती. सेंगला काठावरून एका डोळ्याने बघत हुकूम सोडत होती, आणि तिला वाकायला बंदी असल्यामुळे तिची तगमग बघवत नव्हती. दोनदा ती वाकायला गेली आणि दोन्ही वेळा वीस जण एकदम ओरडले, "मावशी, डोळा!" तिसऱ्या वेळी नोय मूनने तिला मागून कमरेला धरून ठेवलं.

"सोड. लोक बघतायत."

"बघू देत. या वयात कोण संशय घेणार?"

साडेआठला सगळे बांध मोकळे झाले. सगळ्या पाण्याचा एक तपकिरी लोंढा पुलाखालून गेला, आणि पुढे जाऊन त्याचा वेग मंदावला. कोरड्या पात्रात पाण्याची जीभ सावकाश सरकते. पुढे फेस, पानं, मुंग्यांचे तरंगते पुंजके, आणि मागे पाणी. माणूस तिच्या शेजारून चालला तर सहज पुढे निघून जातो.

बाई दहाला पाच मिनिटं असताना आल्या. वलाय त्यांचं नाव. पन्नाशीच्या, जलसंधारणातल्या अभियंता, आणि विद्यापीठात शिकवायच्या म्हणून सगळे त्यांना आचान म्हणतात. त्यांनी कमानीखाली जमलेल्या मंडळींकडे बघितलं. वीस माणसं छातीपर्यंत चिखलाने माखलेली, पायांतून पाणी गळतंय, आणि सगळ्यांनी हात जोडलेले. अकरा पांढरे बांध आणि त्यांच्यामागे चिखलाची डबकी, फाटक्या प्लास्टिकच्या चिंध्या.

इन्सॉनने खिशातून भाषणाचा कागद काढला. तो भिजून लगदा झाला होता.

"आचान," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. काहीही लपवलं नाही. "गाव दोषी नाही. अक्का गावात नव्हती. मी झाडलं."

वलायबाईंचे ओठ थरथरले. पाठमोऱ्या होऊन त्या जरा वेळ डोंगराकडे बघत राहिल्या. खांदे हलत होते. मग वळून म्हणाल्या, "मला शेवटचं शेत बघायचंय. तिथे पाणी आहे?"

"नाही," सेंगला म्हणाली. "येतंय."

"कधी?"

"बाराला."

त्यांच्या गाडीचा चालक पुटपुटला, की बाराला पुढच्या गावात पोचायचं आहे. वलायबाईंनी घड्याळ बघितलं, सेंगलाच्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांना कळव, जेवायला उशीर होईल. बारापर्यंत थांबते. त्यापुढे मात्र मला जावं लागेल."

पिम्पाच्या शेताच्या कडेला आंब्याखाली चटया पडल्या. सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या, पानं मात्र दुपारच्या आतच माना टाकू लागली होती. बायकांनी टोपल्यांतून चिकट भात, भाजक्या हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कुरकुरीत तळलेली डुकराची चामडी आणली. स्वागताचं जेवण मांडवात व्हायचं होतं, ते इथे बांधावर झालं. नोय मून मात्र पाण्याच्या जिभेबरोबर चालत येत होता आणि फोनवरून खबर देत होता. सेंगलाने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"निळ्या कोपऱ्यात पाणी! लाल कोपऱ्यात वाळू! पाण्याने डावी लाथ घातली, सागाच्या मुळाला वळसा... वाळू मागे हटली!"

"लाथाबुक्क्यांच्या लढती रेडिओवर सांगायची नोकरी लागली असती तर बरं झालं असतं," सेंगला म्हणाली. "घरात तरी नसता."

बारा वाजायला वीस मिनिटं असताना फोनवरचा आवाज बदलला. "अगं... थांबलंय."

"कुठे?"

"म्हशी लोळतात त्या खड्ड्यात. वाळू पितेय. भरतच नाही."

तो खड्डा तिथून दोनशे पावलांवर होता, वळणाआड. वलायबाईंनी हातातला भाताचा गोळा खाली ठेवला. बारा वाजले. चालक उठून गाडीकडे गेला आणि दार उघडून उभा राहिला.

पिम्पा चटईवरून काठी टेकत उठली. "आचानबाई, जरा बसा. मी एक्क्याऐंशी वर्षं वाट बघतेय, तुम्हाला अर्धा तास जड होतो?"

"ऊय!" इन्सॉन दचकला.

"काय ऊय? मी काही झाडलं नाहीये."

वलायबाई बसल्या. सेंगलाला मात्र बसवेना. ती पात्रात उतरली आणि वळणाच्या दिशेने बघत उभी राहिली. खड्डा केवढा आहे हे तिला माहीत होतं, दोन म्हशी आणि एक रेडकू. आणि मागून किती पाणी येतंय तेही. गणित जुळत होतं. पण वाळू किती तहानलेली आहे, हे कुणाच्या गणितात बसत नाही.

फोन खरखरला. नोय मून नुसता धापा टाकत होता. मग त्याचा आवाज फोनवरून आणि वळणाआडून एकदमच आला, "उठलं! उठलं! नऊ मोजायच्या आत उठलं!"

वळणावर आधी फेस दिसला. मग पानं, मग झेंडूचे काही गेंद, आणि पायाने पाणी ढकलल्यासारखा शेजारून नाचत येणारा नोय मून. सेंगलाच्या पायाशी पाणी आलं, बोटांमधून गेलं, घोटे भिजवून पुढे गेलं. गढूळ, कोमट, कुजक्या पानांच्या वासाचं. काठावर अशी आरोळी उठली, की आंब्यावरचे पक्षी उडाले. इन्सॉन रडत होता आणि कुणाच्यातरी खांद्यावर चिखलाचे हात पुसत होता.

"बारा वीस," पिम्पा म्हणाली. "बारा म्हणाली होतीस."

"वीस मिनिटं वाळूला दिली, ऊय. तिचीही पाळी असते."

वलायबाईंनी बूट काढले, पँट दुमडली आणि पाण्यात उतरल्या. एक वाळकं पान सोडलं, घड्याळ बघत दहा पावलं त्याच्यामागे गेल्या. पुन्हा एक सोडलं. वहीत आकडे लिहिले. मग सेंगलाला विचारलं, "हे आज सोडलेलं पाणी. उद्या काय? फटींतून येणारं एवढं असेल?"

"एवढं नसेल. निम्मं असेल. पण ते थांबणार नाही. आणि गाळ उपसलाय, तो पुन्हा बसेपर्यंत कमीच." सेंगलाने एक पाऊल पुढे टाकलं. "तुम्हाला दोन दिवसांनी परत यायचं असेल तर या. न सांगता या. कुणी झाडणार नाही."

वलायबाई हसल्या. "येईन. पण तळ्याची जागा आजच बघून ठेवू, परत आल्यावर वेळ जायला नको. कुठे खणायचं?"

चौदा घरांची माणसं एकदम बोलू लागली. कुणी म्हणे खालच्या कोपऱ्यात, कुणी म्हणे देवळाजवळ, कुणाला आपल्या केळी वाचवायच्या होत्या. पिम्पाने काठी उंचावून आंब्याकडे रोखली आणि बजावलं, की या झाडाला कुणी हात लावायचा नाही, तळं हवं तर तळ्यानेच जरा वळसा घालून जावं. इन्सॉन म्हणाला, बरोबर आहे. दुसरा म्हणाला, बरोबर कसं, वळसा घातला तर माझं कुंपण जातं. सेंगला पाण्यात उभी होती. तिने विडा गालाच्या दुसऱ्या बाजूला सारला, कमरेवर हात ठेवले, आणि साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात भांडणात उतरली.